उकिरड्यावरची हरिणी

नगरच्या पूर्वेला, जिथे माती कमी आणि दगड फार, तिथे सोनखडी नावाचे गाव होते. गावात सोने नव्हते, खडी मात्र पोटभर होती. एका माघात, थंडी हाडात शिरत असताना, त्या गावच्या ख्रिस्ती वस्तीत दाविदबुवांचा मुक्काम पडला. खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी. बुवांनी सूर लावला की दावणीचे बैल रवंथ करायचे थांबत, असे जुनी माणसे सांगत. बुवा प्रभू येशूचे कीर्तनकार. बोलावलेल्या घरी ते जेवायला जात. न बोलावलेल्या घरी आधी जात.

वस्तीत मोठे घर राहेलबाईंचे. त्या मिशनशाळेच्या हेडमास्तरांच्या पत्नी, म्हणून सारे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. बाई काही वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेले बरे. प्रार्थना चुकवीत नसत, दान चुकवीत नसत, आणि दान दिल्याचे चार जणींच्या कानावर घालायलाही चुकत नसत. पुण्य देवाकडे जमा करावे आणि पावती गावाकडून घ्यावी, असा त्यांचा व्यवहार. गोरगरिबांना कपडे शिवून देण्यासाठी वस्तीतल्या बायकांनी 'दुर्कस मंडळ' काढले होते, त्याच्या अध्यक्षाही त्याच. मंडळात चहा दणकून होई, शिवण बेताबेताने. एकदा हातरुमालाची कड दुमडायला घेतली की उपकारस्तुतीच्या सणापर्यंत ती पुरे.

त्या दिवशी दुपारी ख्रिस्ती मंदिरापुढच्या निंबाखाली बुवा कीर्तनाला उभे राहिले. आख्यान लावले यापो बंदरातल्या शिष्येचे. बुवा सांगू लागले, "ऐका हो! समुद्राच्या काठाला यापो गाव. तिथे प्रभूची एक शिष्या राहायची. यहुद्यांच्या बोलीत तिचं नाव टबीथा. ग्रीक लोक तिलाच दुर्कस म्हणायचे. नावं दोन, अर्थ एकच. हरिणी! आईबापांनी हे नाव का ठेवलं, शास्त्र सांगत नाही, तेव्हा मीही सांगत नाही. पण जगली कशी ते शास्त्रात आहे. विधवांसाठी अंगरखे शिवायची. ती मेली तेव्हा साऱ्या विधवा तिनं शिवलेले कपडे छातीशी धरून रडल्या. आणि प्रभूचा शिष्य पेत्र आला, त्यानं गुडघे टेकले, तिला नावानं हाक मारली, तशी ती उठून बसली! नाव आईबापांनी दिलं, पण त्याची किंमत वाढवली तिनं, आपल्या सुईनं."

राहेलबाई पहिल्या रांगेत होत्या आणि मनातून फार सुखावल्या होत्या. त्याला कारण होते. त्यांची लेक सुवार्ता बाळंतपणाला माहेरी आली होती. दोनदा तिची कूस रिकामी झाली होती, त्यामुळे या खेपेला घर श्वास धरून बसले होते. नात होणार आणि तिचे नाव टबीथा ठेवायचे, हे बाईंनी केव्हाच ठरवून टाकले होते. पाहुण्यांसाठी चांगल्या कपबश्या कपाटात वेगळ्या ठेवाव्यात, तसे ते नाव त्यांनी वेगळे काढून ठेवले होते. नातू झाला तर काय, हा विचार देवाने करायचा होता.

कीर्तन संपले. बुवा म्हणाले, "रविवारी एकीचा बाप्तिस्मा आहे. कुठे बसलीय ती?"

मागे, चपलांच्या ढिगाशेजारून, एक बाई गुडघ्यावर हात दाबत उठली. रुंद हाडाची, जडशीळ, एका पायाने लंगडणारी. तिचे नाव उकिरडी.

हे नाव तिला का पडले, तेही सांगितले पाहिजे. तिच्या आईची आधीची लेकरे एकामागून एक गेली. मग ही जन्मली तेव्हा आईने जुन्या रीतीप्रमाणे तिला उकिरड्यावर नेऊन टाकले, शेजारणीने उचलले, आणि आईने पसाभर जोंधळे देऊन शेजारणीकडून 'विकत' घेतले. टाकाऊ पोर आहे असे वाटून मरणाने नजर फिरवावी, म्हणून नाव उकिरडी. मरण फसले. ती जगली. पण त्या नावामागची माया आईबरोबर गेली आणि मागे फक्त उकिरडा उरला. पाणवठ्यावर बायका म्हणत, "उकिरडे, जरा लांबनं." नवरा होता तोवर "ए" म्हणायचा, तो गेल्यावर तेवढेही म्हणणारे कुणी उरले नाही. घरोघरची जुनेरी लुगडी मागून आणायची, त्यांच्या गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवायची, यावर ती जगत होती. वस्तीतले एकही मूल असे नव्हते, जे तिच्या दुपट्यात गुंडाळले गेले नव्हते.

बुवांनी विचारले, "माय, नवं नाव कोणतं घेशील?"

उकिरडीने पदर पुढे ओढला. "ते... हरणीचं द्या की, बुवा."

आधी एकजण हसला, मग सारी वस्ती. "हरिणी! आता गुडघ्याला घुंगरू बांध!" कुणी म्हणाले, "उकिरड्यावर हरीण चरताना बघितलं नव्हतं बाबा."

बुवा हसले नाहीत. "दिलं," ते म्हणाले. "रविवारपासून तू टबीथा."

राहेलबाई मात्र हसायच्याही विसरल्या. कपाट उघडावे आणि आपल्या राखून ठेवलेल्या कपात भलतेच कुणी चहा पीत असावे, तसे त्यांना झाले. संध्याकाळच्या आत त्या उकिरडीच्या खोपटासमोर उभ्या होत्या.

"उकिरडे, ते नाव मी सुवार्ताच्या लेकीसाठी ठेवलंय. तू दुसरं घे. सोनाबाई घे, करुणा घे. चांगली नावं आहेत."

"मास्तरीणबाई, ते ठेवल्यालं मला काय ठावं?"

"आता सांगतेय ना! आणि अगं, नाव अंगाला शोभावं लागतं. हरिणी म्हटल्यावर तुझ्याकडे बघून लोक हसतील. त्यात शास्त्राचाही अपमान."

उकिरडीने हातातली गोधडी पुढे केली. मग म्हणाली, "बाई, तुमी म्हनाल ते देते. ही गोधडी न्या, बकरी न्या. पन ते नाव न्हाई देत. सारी हयात म्या उकिरडा म्हनून ऐकलं. देवानं मला वर बोलावलं तर तिथं तरी कुनी चांगली हाक मारावी, एवढंच हाय मनात."

या उत्तराने दुसरे कुणी विरघळले असते. पण बाईंना नाही म्हणून घ्यायची सवय नव्हती.

"बरं. मग माझ्या उंबऱ्यावर पाऊल टाकायचं नाही. आणि तुझ्या त्या चिंध्या मंडळात आणायच्या नाहीत."

मंडळाचे नाव दुर्कस, आणि प्रत्यक्ष दुर्कस दाराशी आली तर तिला हुसकावले! पण मनुष्य पाटीवर जे लिहितो, ते वाचायला पाटीच्या पुढे येऊन उभा राहत नाही.

रविवारी बाप्तिस्मा झाला. बुवांनी पाण्याची ओंजळ तिच्या डोक्यावर सोडली, "टबीथा" अशी खणखणीत हाक दिली, आणि ती बाई अशी दचकली, जणू पहिल्यांदाच कुणी तिला बघितले होते. पण गावाच्या जिभेला चाळा मिळाला. पाणवठ्यावर बायका म्हणत, "अहो हरीणबाई, मारा की एक उडी!" ती घागर कमरेवर सावरत म्हणे, "मारते की. आधी एखादं कुत्रं तर लागू द्या मागं." बायका हसत, तीही हसे. घरी गेल्यावर काय करत असेल, ते तिची बकरी जाणे.

इकडे राहेलबाईंनी बाळंतपणाची अशी तयारी चालवली, की बघत राहावे. शहरातल्या मडमबाईंनी विलायती लोकरीची शाल पाठवली होती. लेस लावलेली झबली, कांजी करून इस्त्री मारलेली. बाळाला आधी जुनेऱ्यात गुंडाळायचे, नवे कापड बारशापर्यंत लावायचे नाही, ही आपल्याकडची रीत. बाई म्हणाल्या, "ते अडाणीपण आता पुरे. आमच्या नातीला दुसऱ्याच्या अंगावरची चिंधी लागणार नाही." आणि जे बोलल्या ते केलेही. मऊ पडलेली लुगडी, विरलेली धोतरे, सारे बोचके बांधून भांडीवालीला देऊन टाकले. घरात फडके म्हणून उरले नाही.

शुक्रवारी उन्हे डोक्यावर आली तेव्हा सुवार्ता मोकळी झाली. मुलगी झाली. पण खोलीतून रडणे ऐकू आले नाही.

गंगूआत्या सुईण जुनी जाणती. तिने पोरीला पायांना धरून उलटे केले, पाठीवर थापटले, तोंडात फुंकर घातली. पोर निळसर, गार, हलेना. गंगूआत्या ओरडली, "बाई, मऊसं जुनेर द्या आधी! गारठलंय लेकरू!"

राहेलबाई कपाटाकडे धावल्या. एक कप्पा उघडला, दुसरा उघडला. सगळीकडे कडक, पांढरे, नवे. एवढ्या मोठ्या घरात एका बाळाला पुरेल इतकी मऊ चिंधी नव्हती! शेवटी लेसचे झबले आणि शाल त्यांनी पुढे केली. झबल्याची कांजी पोरीच्या ओल्या अंगावर कुरकुर वाजली. शाल नवी, टोचरी. त्या साऱ्या थाटात पोर दुकानातल्या बाहुलीसारखी दिसू लागली, आणि तशीच निश्चल राहिली.

गंगूआत्याने हात मागे घेतले. "देवाची मर्जी, बाई."

खाटेवरून सुवार्ताचा आवाज आला, कोरडा पडलेला. "आई, टबीथामावशीला बोलव."

बाईंच्या घरात उकिरडीला त्या नावाने कुणी प्रथमच म्हटले होते. राहेलबाईंनी लेकीकडे पाहिले आणि वहाणा न घालताच त्या बाहेर पडल्या. उकिरडीकडे मात्र नाही! त्या बुवांना शोधायला निघाल्या. मनुष्य बुडतानासुद्धा आपल्या तोलामोलाची काडी शोधतो. शाळेत बघितले, मंदिरात बघितले. बुवा कुठे सापडले असतील? टबीथाच्या खोपटात. भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात बसले होते आणि ती शेजारी बसून एका दुपट्याला टाके घालत होती.

"बुवा!" राहेलबाई दारातच कोसळल्या. "नात झालीय... रडत नाही. हात लावा, बुवा, तुमच्या हाताला यश आहे!"

बुवा ताटावरून उठले. "राहेलबाई, यश माझ्या हाताचं नाही. मी येतो, पदर पसरतो. यापोत पेत्रानं तेच केलं आणि मग नावानं हाक मारली. तुमच्या नातीला मी कोणत्या नावानं हाक मारू?"

राखून ठेवलेले नाव गेले होते, आणि हट्टाने दुसरे त्यांनी मनातही येऊ दिले नव्हते. त्यांच्या नातीला हाक मारायला जगात शब्द नव्हता.

"नाव... नाही, बुवा. ठेवलंच नाही."

टबीथा ताडकन उठली. दुपटे तसेच उचलले. सुई त्यात टोचलेली होती, ती उपसून तिने कुडाला खोवली.

"कुणाचं आहे ते दुपटं?" राहेलबाईंनी कसेबसे विचारले.

"तुमच्या सुवार्ताच्या लेकराचं. न्हाई म्हनलात तरी थंडीला ते ठावं हाय व्हय? म्हनलं, गंगूच्या हाती गुपचूप धाडू."

आणि ती निघाली. पुढचे पाणवठ्यावरच्या बायकांनी डोळ्यांनी पाहिले आणि आयुष्यभर शपथेवर सांगितले. जी बाई एक पाय टेकून दुसरा ओढत चालायची, तिने नाला ओलांडला तो दगडांवर पाय न ठेवता! काटेरी कुंपणाला वळसा न घालता ती पलीकडे दिसली. मागे अनवाणी राहेलबाई धापा टाकत, त्यांच्यामागे ठेच्याचा हात धोतराला पुसत बुवा. बायकांच्या घागरी भरून वाहत होत्या आणि तोंडे उघडी होती. उडी मार म्हणून चिडवणाऱ्या त्याच या बायका. त्यांतल्या एकीलाही हसू आले नाही.

मोठ्या घराच्या उंबऱ्याशी येऊन टबीथा थबकली. दुपटे छातीशी धरून उभी राहिली.

"मास्तरीणबाई, उंबरा तुमचा हाय."

राहेलबाईंना दम लागला होता. त्यांनी तिचा हात मनगटाशी धरला आणि तिला ओढत आत नेले.

टबीथाने पोरीच्या अंगावरची शाल काढली, कांजीचे झबले काढले. उघड्या पोरीला दुपट्यात घेतले. अख्ख्या वस्तीच्या जुनेऱ्यांचे ते दुपटे. कुणाच्या लग्नातले विरलेले लुगडे, कुणाचा शेतात घासलेला पदर. असंख्य धुण्यांनी ते सायीसारखे मऊ झाले होते. बुवा दाराशी गुडघ्यांवर आले. डोळे मिटून म्हणाले, "प्रभो, तुला दोघी ठाऊक आहेत. आणली आहेस तीही, आणि तिला घ्यायला आलीय तीही."

काही झाले नाही.

गंगूआत्या खाली बघू लागली. सुवार्ताने तोंडात पदर कोंबला. तेव्हा टबीथाने पोरीच्या कानाशी तोंड नेले. हळू बोलली, पण खोलीत इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू आले.

"बये, तुझ्या आज्जीनं तुझ्यासाठी एक नाव ठेवलं व्हतं. म्या घेतलं. मला लई आवडलं गं ते. चार दिस मिरवलं, पोट भरलं. आता तुझं तुला घे. म्या उकिरडी म्हनून आले, उकिरडी म्हनून जाईन. माझं काय, देव बघून घेईल मला कशी बी हाक मारून. पन तू बिननावाची जाऊ नको, बये. ऐकतीस का? टबीथा! टबीथा गं! ऊठ माझी बाय."

जे नाव गोधडी देऊन, बकरी देऊनही ही बाई सोडत नव्हती, ते तिने राहेलबाईंच्या नातीला देऊन टाकले होते. कुणी मागितलेही नव्हते.

दुपट्याची घडी हलली.

आधी शिंक आली. एवढीशी, चिमणीसारखी. मग निळे ओठ लालसर झाले, मूठ बाहेर आली, आणि असे रडणे फुटले म्हणता, की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या! गंगूआत्या ओरडली, "अगं बया! अगं माझ्या बया! जित्ती हाय!" सुवार्ता हसत होती की रडत होती, तिलाही सांगता आले नसते. बुवांनी उठून एकतारी छेडली आणि भर दुपारी बाळंतिणीच्या खोलीत अशा उंच सुरात स्तवन घेतले, की मंदिरात घंटा वाजवायची गरज पडली नाही. सारी वस्ती अंगणात गोळा झाली. पाणवठ्यावरच्या बायका घागरी तशाच टाकून आल्या.

पोर दूध प्यायली, झोपली. मग राहेलबाई पुढे आल्या. ज्यांचा पदर कधी इंचभर ढळला नव्हता, त्यांच्या केसांत कुसळे अडकली होती आणि पायांना रक्त आले होते. अंगणभर माणसे, दारात हेडमास्तर. त्यांनी कुणाकडे बघितले नाही.

"नाव तुझंच," त्या म्हणाल्या. "ते मी परत घेणार नाही. कानाला खडा. आणि बुवा, माझ्या गर्वाला शिक्षा पाहिजे. नातीचं नाव मी उकिरडी ठेवते. सगळ्या गावासमोर तीच हाक मारीन."

अंगणात कुजबुज उठली. बुवा काही बोलण्याआधीच टबीथा कडाडली.

"गप बसा हो मास्तरीणबाई! गर्व तुमचा, आन् शिक्षा लेकराला? उद्या पानवठ्यावर तिला कोन सोसंल? म्या सोसलंय, मला इचारा."

"मग काय ठेवू गं? तूच सांग."

"टबीथाच ठेवा."

"आणि तू?"

"म्या बी टबीथा." तिने सगळ्यांकडे असे पाहिले, जणू इतकी साधी गोष्ट यांना कळू नये. "हरनी कधी एकटी असती व्हय? कळपानंच असती."

दाविदबुवा असे हसले, की डोळ्यांतून पाणी आले. "धन्य, धन्य माय!" ते म्हणाले. "इतकी वर्षं मी यापोची कथा सांगतो, पण हे मला सुचलं नव्हतं."

राहेलबाई खाली वाकल्या. नुसती मान नव्हे, अंगणाच्या धुळीत दोन्ही गुडघे टेकून त्यांनी टबीथाच्या पायांवर कपाळ ठेवले. ती लाजून मागे सरू लागली, "अवं, पाय मळल्यात माझं, रान तुडवत आले." पण बाईंनी पाय घट्ट धरून ठेवले आणि मोठ्याने, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशी, तिला तिच्या नावाने हाक मारली.